गाण्यांतील भांडण आणि भांडणांतील गाणें

गेल्या वर्षभरांत आमच्या विद्यालयाच्या आवारांत एक नवा शब्द वारंवार कानीं पडूं लागला आहे. तो शब्द म्हणजे 'डिस ट्रॅक'. पालकवर्गापैकीं ज्यांस तो अपरिचित असेल त्यांच्याकरितां प्रथम त्याचा अर्थ सांगितला पाहिजे. 'रॅप' म्हणजे ठेक्यावर, यमकें साधीत, भराभर म्हटलेलें कवन; आणि 'डिस' म्हणजे अनादर या अर्थाच्या एका इंग्रजी शब्दाचा पहिला तुकडा. एका रॅपकारानें दुसऱ्याचें नांव घेऊन त्याचीं उणीं काढण्यासाठीं रचलेलें गाणें तो डिस ट्रॅक. या लेखापुरतें आपण त्यास अधिक्षेपगीत म्हणूं.

वरच्या इयत्तांतील विद्यार्थ्यांच्या दोन गटांमध्यें यंदा अशीं गाणीं रचण्याची चढाओढ लागली. एका गटानें गाणें केलें, दुसऱ्यानें उत्तर दिलें, उत्तरास प्रत्युत्तर आलें. आणि तीं सर्व गाणीं मोबाइलवरून घरोघर पोहोंचलीं. कांहीं पालकांनीं आमच्याकडे येऊन असा आग्रह धरिला कीं, शाळेनें हा प्रकार समूळ बंद करावा. उलटपक्षीं कांहीं विद्यार्थी म्हणाले, "सर, हा खेळ आहे. यांत रागावण्यासारखें काय आहे?" दोन्ही पक्षांचें म्हणणें शांतपणें ऐकून घेतल्यावर आम्हांस असें वाटतें कीं, पालकांस या गाण्यांतील विष दिसतें पण विद्या दिसत नाहीं, आणि विद्यार्थ्यांस विद्या दिसते पण विष दिसत नाहीं. म्हणून या प्रश्नाचा थोडा विस्तारानें विचार करण्याचें योजिलें आहे.

या कलेचें जन्मस्थान न्यूयॉर्क शहरांतील ब्रॉन्क्स हा भाग होय. ११ ऑगस्ट १९७३ रोजीं तेथील सेजविक अव्हेन्यूवरील १५२० क्रमांकाच्या इमारतींत एका मुलीनें, शाळा सुरू होण्यापूर्वीं नव्या कपड्यांसाठीं चार पैसे जमावे म्हणून, एक नाचगाण्याचा कार्यक्रम ठरविला. तिच्या भावानें तबकड्या वाजविल्या. लोक त्यास कूल हर्क म्हणत. दोन यंत्रांवर एकाच गाण्याच्या दोन तबकड्या ठेवून, त्यांतील केवळ ठेक्याचा तुकडा पुनःपुन्हां वाजवीत राहण्याची युक्ति त्यानें काढली. त्या अखंड ठेक्यावर जे बोलूं लागले ते या काव्यप्रकाराचे पहिले कवि. आसपास आगी लागून उजाड झालेल्या इमारती, घरांत दारिद्र्य आणि बाहेर टोळ्यांचीं भांडणें, अशा वस्तींतील हीं मुलें होतीं. ज्यांच्या हातीं कांहींच नव्हतें त्यांनीं शब्द हातीं घेतले, ही गोष्ट आम्हांस विसरतां येत नाहीं.

अधिक्षेपाची चाल यांत लवकरच शिरली. १९८१ सालीं हार्लेममधील 'हार्लेम वर्ल्ड' या सभागृहांत बिझी बी नांवाचा एक लोकप्रिय रॅपकार श्रोत्यांस आरोळ्या मारावयास लावून सभा जिंकीत असे. त्याच्या मागून कूल मो डी व्यासपीठावर चढला आणि त्यानें ठेका न चुकवितां असा आरोप केला कीं, या गृहस्थाजवळ आरोळ्यांवांचून स्वतःचें असें कांहींच नाहीं. तो हल्ला बिझी बीच्या कवित्वावर होता. त्या रात्रीनंतर केवळ टाळ्या घेणाऱ्यापेक्षां रचना करणाऱ्यास अधिक मान मिळूं लागला, असें या कलेचे जाणकार सांगतात.

दुसरा प्रसंग आमच्या विद्यार्थ्यांस अधिक जवळचा वाटेल. कारण त्यांतील मुख्य पात्र अवघें चौदा वर्षांचें होतें. १९८४ सालीं यूटीएफओ या मंडळीनें, आपणांस दाद न देणाऱ्या रॉक्सन नांवाच्या एका काल्पनिक मुलीवर गाणें केलें. तें फार गाजलें. तेव्हां क्वीन्सब्रिज या वसाहतींतील एका शाळकरी मुलीनें, मार्ली मार्ल या तबकडीकाराच्या घरीं, जणूं आपणच ती रॉक्सन आहों अशा आवेशानें, त्या प्रौढ पुरुषांस उत्तर दिलें. कपडे धुण्यास निघालेली असतां वाटेंत तिला बोलावून घेतलें आणि एका दमांत गाणें झालें, असें सांगतात. पुढें ती रॉक्सन शांटे या नांवानें प्रसिद्ध झाली. तिच्या गाण्यामागून उत्तरांचा आणि प्रत्युत्तरांचा एवढा लोंढा आला कीं, त्या काल्पनिक मुलीचे आईबाप आणि तिचा डॉक्टर यांच्या नांवेंही गाणीं निघालीं. आणि शेवटीं 'रॉक्सन आतां पुरे' अशा अर्थाची विनवणी करणारें एक गाणेंही निघालें. पहिलें उत्तर धाडसाचें होतें. शेवटचीं उत्तरें केवळ संवयीचीं होतीं. भांडण कोठें संपवावें हें ज्यास कळत नाहीं त्याच्या कवनांतील तेज आधीं संपतें.

आतां या गाण्यांतील विद्येकडे पाहूं. साधारणतः एक कडवें सोळा आवर्तनांचें असतें आणि प्रत्येक आवर्तनांत चार ठोके असतात. मिनिटास नव्वद ठोक्यांची गति धरिली तर हे चौसष्ट ठोके पाऊण मिनिटाच्या आंतच संपतात. तेवढ्या वेळांत प्रतिपक्षाचें नांव घ्यावयाचें, आरोप मांडावयाचा, त्यास आधार द्यावयाचा, श्रोत्यांस हंसवावयाचें, आणि हें सर्व करितांना श्वास, ठेका व यमक सांभाळावयाचें. मात्रा मोजण्याच्या तासाला जांभया देणारा विद्यार्थी घरीं रात्रीं दहा वाजेपर्यंत अक्षरें मोजीत बसतो, ही गोष्ट मराठीच्या शिक्षकानें हंसण्यावारी नेऊं नये. यंदाच्या गाण्यांपैकीं एकांत 'परीक्षा', 'प्रतीक्षा' आणि 'शिक्षा' हीं यमकें जुळवून, शेवटच्या शब्दांतील शिक्षण आणि दंड या दोन्ही अर्थांवर असा सुरेख श्लेष साधला होता कीं, तो वर्गांत उदाहरण म्हणून सांगण्याचा मोह आम्हांस झाला.

शिवाय हा प्रकार सर्वस्वीं परका आहे असेंही नाहीं. आठव्या शतकाच्या आरंभीं अरबी भाषेंत जरीर आणि फरझदक या दोन कवींनीं कित्येक वर्षें एकमेकांवर निंदाकाव्यें रचिलीं. आणि त्यांतील नियम असा होता कीं, प्रतिपक्षानें जें वृत्त व जें यमक घेतलें असेल त्याच वृत्तांत, त्याच यमकांत उत्तर द्यावयाचें. फरझदक वारला तेव्हां जरीरनें त्याच्यावर विलापिका रचिली, असें परंपरा सांगते. आपल्याकडे तर कलगी-तुऱ्याचे सामने प्रसिद्धच आहेत. तुरेवाले शिवाचें श्रेष्ठत्व सांगणार, कलगीवाले शक्तीचें. एकानें डफ-तुणतुण्यावर कोड्याचा सवाल टाकावा आणि दुसऱ्यानें भर फडांत त्याचा जबाब द्यावा. कोंकणांत शक्तिवाले आणि तुरेवाले यांच्यांतील असे सामने आजही रात्र रात्र रंगतात. त्यांत टोमणे असतात, थट्टा असते, प्रतिपक्षाची फजिती असते. परंतु सवाल सोडवावयाचा तर पुराणें ठाऊक असावीं लागतात. आचार्य अत्रे यांनीं 'केशवकुमार' या नांवानें लिहिलेली 'झेंडूचीं फुलें' १९२५ सालीं प्रसिद्ध झालीं. त्यांत तत्कालीन कवींच्या लकबींची इतकी मार्मिक टर उडविली आहे कीं, ज्या कविता टीकेचें लक्ष्य झाल्या त्या विस्मृतींत गेल्या तरी विडंबनें लोकांच्या ओठांवर राहिलीं. तात्पर्य, शब्दांनीं झुंजणें ही माणसाची फार जुनी हौस आहे. केवळ ठेका नवा आणि पोषाख परदेशी म्हणून ती बंद करावी, हें आम्हांस पटत नाहीं.

येथवर आम्ही विद्यार्थ्यांच्या बाजूनें बोललों. आतां दुसरी बाजू.

२००१ सालीं न्यूयॉर्कमधील जे-झी आणि नास या दोन नामांकित रॅपकारांत मोठें गीतयुद्ध झालें. आरंभीं प्रश्न असा होता कीं, दोघांत श्रेष्ठ कवि कोण. पुढें जे-झीनें एका गाण्यांत नासच्या खासगी कौटुंबिक गोष्टी ओढून आणल्या. तें गाणें त्याच्या आईच्या कानीं गेलें. आपला मुलगा मर्यादा सोडून बोलला असें तिला वाटलें आणि तिनें तसें त्यास स्पष्ट सांगितलें. तेव्हां लक्षावधि तबकड्या खपलेल्या त्या गृहस्थानें आकाशवाणीवरून जाहीर क्षमा मागितली. २००५ सालीं ते दोघे एकाच व्यासपीठावर उभे राहिले आणि तें वैर मिटलें. तसेंच १९८६-८७ च्या सुमारास केआरएस-वन यानें 'ही कला ब्रॉन्क्सची' या अभिमानानें मार्ली मार्लच्या क्वीन्सब्रिजवाल्या मंडळीवर कठोर गाणीं केलीं होतीं. परंतु २००७ सालीं त्याच केआरएस-वननें त्याच मार्ली मार्लबरोबर एक संपूर्ण गीतसंग्रह काढला.

सर्वच भांडणांचा शेवट असा झाला नाहीं. टुपाक शकूर आणि नोटोरियस बी.आय.जी. हे एके काळचे स्नेही होते. १९९६ सालीं टुपाकनें आपल्या या जुन्या स्नेह्यावर अत्यंत विखारी गाणें केलें. त्याच वर्षीं सप्टेंबरांत लास व्हेगास येथें टुपाकवर गोळ्या झाडण्यांत आल्या आणि १३ तारखेस तो वारला. त्यानंतर सहा महिन्यांच्या आंत, ९ मार्च १९९७ रोजीं, लॉस एंजलिस येथें दुसऱ्याचाही गोळ्या घालून खून झाला. एक पंचवीस वर्षांचा, दुसरा चोवीस वर्षांचा. गाण्यानेंच त्यांचे प्राण घेतले असें म्हणणें सत्यास धरून होणार नाहीं. टोळ्यांचीं वैरें आणि अन्य गोष्टी त्यांत मिसळल्या होत्या. परंतु पेटलेल्या घरावर पाणी टाकणारें एकही गाणें त्या दिवसांत कोणी गाजविलें नाहीं, हें मात्र खरें.

आमचे विद्यार्थी येथें म्हणतील, "सर, आमच्यापाशीं बंदुका नाहींत, लाखोंचे सौदे नाहींत. आम्ही हौशी मुलें." अगदीं बरोबर. परंतु हौशी माणसाचें भांडण धंदेवाल्याच्या भांडणापेक्षां कमी दुखवितें ही समजूत आम्हांस मान्य नाहीं. उलट तीन कारणांनीं तें अधिक दुखवूं शकतें.

पहिलें कारण असें कीं, व्यासपीठावर चढलेले दोघेही आपण होऊन चढलेले असतात. कुस्तीच्या हौद्यांत उतरलेल्या मल्लास पाठ लागली तर तक्रार नाहीं. पण कडेला बसलेल्या प्रेक्षकास ओढून आपटणें याला कोणी कुस्ती म्हणत नाहीं. यंदाच्या एका गाण्यांत ज्याचा उल्लेख झाला तो मुलगा कोणत्याच गटांत नव्हता. प्रतिपक्षाच्या म्होरक्याजवळ तो बाकावर बसे, एवढाच त्याचा संबंध. त्याच्या वडिलांच्या कामावर आणि आईच्या आजारावर दोन ओळी होत्या. त्यांचें यमक उत्तम होतें आणि म्हणूनच त्या सर्वांस पाठ झाल्या. मधल्या सुटींत डबे उघडतांना पांचवी-सहावींतील मुलें त्या ओळी म्हणूं लागलीं. तो मुलगा आठ दिवस शाळेंत आला नाहीं. ज्यानें त्या रचिल्या त्यास आम्हीं जवळ बसवून विचारलें. त्याच्या मनांत त्या मुलाविषयीं कांहींही वैर नव्हतें. त्यास एका यमकाची गरज होती. विद्यार्थी मित्रहो, या वाक्यावर तुम्हीं विचार करावा अशी आमची इच्छा आहे. द्वेषानें केलेली इजा माणूस ओळखतो तरी. हौसेनें केलेली इजा करणाऱ्याच्या ध्यानांतही येत नाहीं.

दुसरें कारण टिकाऊपणाचें. फडांतला टोमणा फडांतच विरे. पहांट झाली, डफ खुंटीला लागला, कीं ऐकणारा व ऐकविणारा एकाच वाटेनें घरीं जात. ध्वनिमुद्रित झालेल्या ओळीस पहांट नाहीं. वर सांगितलेलें गाणें रचणाऱ्यानें आपल्या मोबाइलमधून त्याच दिवशीं पुसून टाकलें. पण तोंवर तें इतरांच्या मोबाइलमध्यें गेलें होतें, आणि तेथून तें परत आणण्याचें सामर्थ्य त्याच्यापाशीं नव्हतें. गाणें पाठविणें हें बोट लावण्याइतकें सोपें आहे. म्हणून जो रचतो त्याच्याइतकाच जो पुढें पाठवितो तोही त्या ओळींचा धनी आहे, असें आम्ही समजतों.

तिसरें कारण श्रोत्यांचें. २०२४ सालीं केंड्रिक लमार आणि ड्रेक यांच्यांत जें गीतयुद्ध पेटलें तें आमच्या विद्यार्थ्यांस मुखोद्गत आहे. लमारला २०१८ सालीं संगीताचें पुलित्झर पारितोषिक मिळालें होतें, आणि ड्रेकवर त्यानें केलेल्या गाण्यास २०२५ च्या फेब्रुवारींत पांच ग्रॅमी पारितोषिकें मिळालीं. त्या गाण्यांत अतिशय गंभीर आरोप होते. ड्रेकनें गाणें प्रसिद्ध करणाऱ्या कंपनीवर अब्रुनुकसानीचा दावा लावला. परंतु ऑक्टोबर २०२५ मध्यें न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयानें तो काढून टाकला. न्यायाधीशांच्या म्हणण्याचा आशय असा कीं, अशा गीतयुद्धांतील विधानें सुज्ञ श्रोता वस्तुस्थिति म्हणून घेत नाहीं, तीं तो त्या गायकाचें मत समजतो. एका चतुर विद्यार्थ्यानें हाच निकाल आमच्यापुढें ठेविला. त्याच्या वाचनाचें आम्हीं कौतुक केलें आणि त्यास एवढेंच विचारलें कीं, पांचवींतला जो मुलगा डबा खातांना त्या ओळी म्हणत होता, तो या निकालांतील सुज्ञ श्रोता आहे काय? शिवाय तो निकाल अमेरिकेंतील आहे. आपल्या देशांत १ जुलै २०२४ पासून अमलांत असलेल्या भारतीय न्याय संहितेच्या ३५६ व्या कलमान्वयें अब्रुनुकसानी हा गुन्हा आहे. आणि अनुसूचित जाति-जमातींतील व्यक्तीस जातीवरून चारचौघांत हिणविणें हा तर १९८९ च्या स्वतंत्र कायद्यानें गुन्हा ठरतो. परंतु सहाध्यायास दुखवूं नये हें शिकण्यासाठीं कायद्याचें पुस्तक उघडावें लागावें, ही वेळ आमच्या शाळेवर येऊं नये.

मग करावयाचें काय? आमचें मत असें कीं, बंदी घालूं नये. बंदीनें गाणें थांबणार नाहीं, तें शिक्षकांच्या कानांआड मात्र जाईल. आणि जेथें मोठ्या माणसांचा कान नाहीं तेथें मर्यादा लवकर सुटते. त्याऐवजीं वार्षिक स्नेहसंमेलनांत एक तास या सवाल-जबाबास द्यावा, परीक्षक म्हणून भाषाशिक्षकांनीं बसावें, आणि कांहीं नियम सर्वांनीं आधीं मान्य करावे. नांव घ्यावयाचें तें केवळ समोर उभ्या असलेल्या प्रतिस्पर्ध्याचें. टीका करावयाची ती त्यानें जें केलें, लिहिलें किंवा गायिलें त्यावर. जें त्यास जन्मानें वा दैवानें मिळालें त्यावर नव्हे. त्याचा उच्चार, त्याचें उसनें यमक, त्याची फुशारकी, त्याचें मोडलेलें वचन, हें सर्व खुशाल घ्या. त्याची जात, त्याचा रंग, त्याचें शरीर, त्याची गरिबी, त्याचे आईबाप, हें सर्व वर्ज्य. उत्तर देण्याची संधि त्यास त्याच ठेक्यावर, त्याच सभेंत मिळाली पाहिजे. आणि दोघांच्या संमतीवांचून ध्वनिमुद्रण बाहेर जाऊं नये. या नियमांनीं गाणें मिळमिळीत होईल अशी भीति कांहीं जण बोलून दाखवितात. आमचा अनुभव वेगळा आहे. आईवरून शिवी देण्यास प्रतिभा लागत नाहीं. ती कोणासही येते. प्रतिस्पर्ध्याच्या कवनांतील दोष त्याच्याच यमकांत बसवून दाखविणें, हें ज्यास साधतें तोच खरा रॅपकार.

पालकांसही दोन शब्द सांगणें प्राप्त आहे. मुलाच्या हातांतील मोबाइल हिसकावून घेण्यापूर्वीं त्याचें गाणें एकदां संपूर्ण ऐकावें. न समजलेल्या शब्दाचा अर्थ त्यालाच विचारावा. ज्या मुलाचें गाणें घरांत ऐकलें जातें तो तें रचतांना घर डोळ्यांपुढें ठेवितो. आणि आणखी एक गोष्ट, जी सांगणें अप्रिय आहे पण टाळणें अयोग्य होईल. दुसऱ्याच्या वडिलांचें काम हलकें आहे ही कल्पना चौदा-पंधरा वर्षांच्या मुलास रॅपनें दिलेली नसते. अमेरिकेंतील कोणा गायकास आमच्या गांवांतील कोणाचा बाप काय काम करतो हें ठाऊक नाहीं. ती ओळ मुलानें कोठेंतरी, बहुधा जेवतांना किंवा ओसरीवर बसलेल्या मोठ्या माणसांच्या बोलण्यांत, ऐकलेली असते. त्यानें तिला फक्त ठेका दिला. तेव्हां मुलांच्या गाण्यांत जें आपणांस टोंचतें तें आपल्याच घरच्या बोलण्यांतून गेलें आहे कीं काय, हें प्रत्येकानें पाहावें.

तो मुलगा आतां पुन्हां शाळेंत येऊं लागला आहे. ज्यानें त्या ओळी रचिल्या तो त्याच्या घरीं जाऊन, त्याच्या आईवडिलांसमोर बोलून आला. तेथें काय बोलणें झालें तें आम्हांस ठाऊक नाहीं आणि आम्हीं विचारलेंही नाहीं. परंतु ज्या तोंडानें ती ओळ म्हटली त्याच तोंडानें त्या उंबरठ्यावर उभें राहून बोलावयाचें, हें सोळा आवर्तनांच्या कडव्यापेक्षां पुष्कळ कठीण असतें, एवढें मात्र आम्ही खात्रीनें सांगूं शकतों.

विद्यार्थी मित्रहो, पुढील संमेलनांत तुमचा सवाल-जबाब व्हावा असा प्रयत्न आम्ही करणार आहों. वह्या काढा, मात्रा मोजा, यमकें शोधा, आणि प्रतिपक्षाची अशी फजिती करा कीं त्यालाही हंसूं आवरूं नये. एक व्यवस्था मात्र आम्ही आमच्याकडून करूं. पहिल्या रांगेंत, अगदीं ध्वनिक्षेपकासमोर, तुमच्या प्रतिस्पर्ध्याच्या आईसाठीं एक खुर्ची राखून ठेवूं. तिच्याकडे पाहून जी ओळ तुम्हांस म्हणतां येईल ती निःशंक म्हणा. जी म्हणतां येणार नाहीं ती घरींच खोडून या.